तीन सुताचा बोल्ट

रविवार आला की माझं डोकं उठतं, कारण रविवारी नंदकुमार येतो आणि माझे डबे उलथे करतो. आठवडाभर मी एकट्या बाईनं रॉकेलात हात घालून भंगारातले बोल्ट धुवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, मापाप्रमाणे निवडून डब्यात भरायचे. आणि यानं यायचं, जयभीम नाही की घोटभर पाणी मागणं नाही, डबा उचलायचा, गोणपाटावर ओतायचा आणि एकेक बोल्ट मापत बसायचं. नट काढतो, व्हर्नियर लावतो, डोळ्याजवळ नेतो, सोनारानं मणी बघावा तसा बघतो, नट परत चढवतो. थोड्या वेळानं तोच बोल्ट पुन्हा उचलतो. गिऱ्हाईक उभं राहतं, कंटाळतं आणि पुढच्या टपरीवर जातं.

"करू द्या, चांगुणाबाई. मानूस दुःखात हाय," असं समोरची चहावाली सुमित्राबाई म्हणते.

दुःखात मी नाही का? गेली ती माझ्या पोटची होती. मी तर कुणाचे डबे उलथे केले नाहीत.

नंदकुमार माझा जावई. त्याच्या आधी भाचा, आमच्या मालकांच्या बहिणीचा मुलगा, म्हणून मला अजून मामीच म्हणतो. जालन्याकडच्या खेड्यातून आयटीआय करायला आमच्याकडे आला तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं. माझ्या तव्यावरच्या भाकरी खाऊन फिटर झाला आणि इथेच तुर्भ्यात पंप बनवणाऱ्या कंपनीत लागला. माझी लेक राजश्री त्याला लग्नाच्या आधीपासून चिडवायची, की हा जेवताना भाकरीचं पण माप घेतो. खोटं नव्हतं ते. भाकरीचे चार सारखे तुकडे केल्याशिवाय त्याच्या तोंडात पहिला घास जायचा नाही. दोघांचं मालकांनी ठरवलं आणि मी मान हलवली. घरातला मुलगा, व्यसन नाही, हातात काम. याच्यापेक्षा जास्त काय बघतात माणसं.

माझी टपरी एमआयडीसीच्या रस्त्याला, ट्रक उभे राहतात त्या अंगाला. मालकांनी सुरू केली, ते गेल्यावर मी चालवते. बाई काय बोल्ट विकणार, असं बोलणारे आता माझ्याकडूनच नेतात. मला लिहिता-वाचता बेतानंच येतं, पण मालकांनी मला एक पत्र्याची पट्टी करून दिली आहे, तिला ओळीनं भोकं. बोल्ट ज्या भोकातून जाईल पण आत खडखडणार नाही, ते त्याचं माप. इंचाचे आठ सूत. दोन सूत, अडीच सूत, तीन सूत, चार म्हणजे अर्धा इंच. जुन्या गिरण्या, जुनी मशिनं, सगळी सुतात. नव्या कंपन्या सगळ्या एमएमवर, आठ, दहा, बारा. भंगारात दोन्ही एका गोणीत येतात, पण दोन्हींची सोयरीक होत नाही. म्हणून सुताचे डबे माझ्या डाव्या हाताला आणि एमएमचे उजव्या. डोळे मिटूनसुद्धा माझा हात चुकायचा नाही.

आणि माझ्याकडून बोल्ट सुटा जात नाही. त्याचाच नट हातानं चढवून, शेवटपर्यंत फिरवून, मग गिऱ्हाइकाच्या हातात. चढताना नट थोडा रुसला पाहिजे. पहिल्या आट्याला बोटाला नको म्हणाला पाहिजे, मग ऐकला पाहिजे. नवाकोरा नट असला आणि तो जुन्या बोल्टावर टिचकीसरशी सुरसुर पळाला, तर त्याचा भरवसा धरू नये. मालक म्हणायचे, विचारायच्या आत हो म्हणणारा नट आणि विचारायच्या आत हो म्हणणारा पाहुणा, दोघांना चार दिवस बाहेर बसवावं.

तर या रविवारी मुस्तफा आला. मुस्तफा तळवलीला ग्रिल बनवतो. मूळचा खाडीकाठचा, रायगडातला. जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ, पण उधार नाही की उसनवार नाही.

"मावशी, अडीच सुताचे द्या. दोन इंच लांब. मूठभर बस झाले."

मी डाव्या हातानं डबा चाचपला. डबा जागेवर नव्हता. नंदकुमारच्या पुढ्यात पालथा पडला होता.

"कशाला पाहिजेत?" नंदकुमारनं विचारलं. मान खालीच.

"ग्रिलला. अजून कशाला?"

"कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणार? पाण्याचं काही ठेवणार?"

मुस्तफानं माझ्याकडे बघितलं. "मावशी, आज बोल्ट मिळणार का नुसती मुलाखत? मी काय पोरगी मागाया आलोय?"

"तुला कोण पोरगी देतंय," मी म्हटलं. "आरशात बघितलंस का कधी? डोकं बघ, चुन्याची पुडी फुटल्यागत झालंय."

तो हसला. मीही हसले असते. पण नंदकुमारनं हातातला बोल्ट खाली ठेवला आणि म्हणाला, "कुंड्या ठेवणार असतील तर अडीच सूत नको. तीन घ्या. नाहीतर घेऊच नका. खालून लोक जातात."

"अरे भाई, मी वरून वेल्डिंग मारतो. बोल्ट नुसता धरून ठेवायला."

"धरतो धरतो म्हणून ठेवतात सगळे. आणि मग धरत नाही."

मुस्तफाचं हसणं तिथंच विझलं. राजश्रीला तोही ओळखत होता. ती शाळेत असताना माझ्या टपरीवर बसून त्याची थट्टा करायची. तो माझ्याजवळ वाकला आणि हळू बोलला, "मी उद्या येतो, मावशी. याला इथं बसवू नका. हा मानूस इथं बसून बरा होनार नाय."

बोल्ट न घेताच गेला. माझं जुनं गिऱ्हाईक, माझ्या टपरीवरून रिकाम्या हातानं गेलं. मी नंदकुमारकडे बघत राहिले. त्यानं मुस्तफानं मागितलेल्या अडीच सुताच्या ढिगातला एक बोल्ट उचलून मापायला घेतला होता.

आता झालं काय होतं ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

राजश्रीच्या खोलीत नळ नाही. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक नळ, सकाळी पाणी आलं की रांग. माझी नात आम्रपाली झाल्यावर राजश्रीची कंबर धरली होती, हंडा उचलताना तिच्या तोंडावरचा रंग जायचा. ते नंदकुमारला बघवायचं नाही. तो म्हणाला, मी तुझ्या मोरीत नळ आणतो. मोरीच्या वर भिंतीला दोन लोखंडी ब्रॅकेट लावायचे, त्यावर प्लॅस्टिकचं पिंप ठेवायचं, खाली पिंपाला तोटी. पाणी आलं की गल्लीतून पाइप टाकून पिंप भरायचं, मग दिवसभर तोटी फिरवली की पाणी. तिकडे खारघरला नव्या बिल्डिंगी उठत होत्या. राजश्री शेजारणींना सांगत सुटली, खारघरच्या फ्लॅटात राहायला जायची गरज नाय, खारघरच माझ्या मोरीत येतंय.

ब्रॅकेट भिंतीला पक्के करायचे तर बोल्ट भिंतीच्या आरपार पाहिजेत. डोकं बाहेर, नट आत. एवढे लांब बोल्ट दुकानात सहजी मिळत नाहीत. राजश्री माझ्याकडे आली. मी तीन सुताच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि वीत वीत लांबीचे निवडून काढले. कुठल्यातरी जुन्या मशीनचे होते, लोखंड असं की करवत घसरावी. घासले, पुसले, प्रत्येकावर त्याचा त्याचा नट चढवला. नट गंजून तपकिरी झाले होते, पण आटे धडधाकट. कागदात गुंडाळून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले. पोरीच्या घरी काही न्यावं तर बाकीच्या बाया लाडू नेतात. मी बोल्ट नेले आणि मला त्याचा अभिमान होता.

पिंप बसलं. गल्लीतल्या बाया येऊन तोटी फिरवून गेल्या. मी बाहेरून भिंत बघितली, बोल्टांची डोकी ओळीत होती, माझीच होती, पट्टीनं आखल्यासारखी. आत मोरीत मी डोकावले नाही. जावयाच्या मोरीत सासूचं काय काम.

आंब्याचे दिवस संपत आले होते तेव्हा ते पिंप खाली आलं. राजश्री त्याखाली बसून आम्रपालीचा फ्रॉक घासत होती. भरलेलं पिंप म्हणजे दोन गड्यांचं वजन, त्यावर लोखंडी ब्रॅकेट. मला कुणी सांगायला आलं तेव्हा मी नट धूत होते. मी पोचले तोवर तिला रिक्षात घातलं होतं आणि पुढचं सगळं डॉक्टरांनी फार थोडक्यात सांगितलं.

तिला घरी आणण्याच्या आधी मी एकदा त्या मोरीत गेले. भिंतीत माझे बोल्ट तसेच होते, सरळ, एकही वाकला नव्हता. मोरीच्या जाळीपाशी एक नट पडला होता. पांढरा, नवा, चकचकीत. माझा नव्हता. उचलून बघितला तर आत आट्यांच्या शेवया झालेल्या, केसासारख्या बारीक, बोटाला लागल्या. मी पट्टी लावली नाही. पट्टीची गरजच नव्हती. दहाचा नट होता, एमएमचा, तीन सुताच्या बोल्टाला केसभर सैल. तो मी कनवटीला खोचला आणि बाहेर येऊन पोरीजवळ बसले.

मग माणसं आली. माणसं आली की बोलतात. कुणी म्हणालं विटा कच्च्या. कुणी म्हणालं सिमेंटात माती जास्त होती, बांधणाऱ्याला धरलं पाहिजे. कुणी म्हणालं आयुष्य तेवढंच. नंदकुमार सगळ्यांपुढे मान हलवत होता, भिंतीला पण आणि आयुष्याला पण. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी अनित्य समजावून सांगितलं. ते सगळ्यांना लागू आहे, भंतेजींना मी दोष देत नाही. पण जग अनित्य आहे म्हणून नट सुटत नाही. नट सुटतो तो बोल्टाचा नसला म्हणून.

मी काही बोलले नाही. मी वाट बघत होते. मला वाटलं, फिटर आहे, आज ना उद्या हा स्वतःच येऊन बोलेल. त्याच्याऐवजी हा रविवारचा येऊन माझे डबे ओतायला लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माझ्या डब्यात खोटा बोल्ट शोधतोय. एक जरी सडका, एक जरी चिरलेला निघाला असता तर माझ्या राजश्रीचं मरण माझ्या डब्यात टाकून हा मोकळा झाला असता. म्हटलं, शोध. बाबा रे, जन्मभर शोध. तुझी बोटं झिजतील, माझ्या डब्यात खोटा बोल्ट निघायचा नाही.

आम्रपाली तेव्हापासून माझ्याकडे आहे. बाप आला की ती आधी पळत जायची. हा तिला बघायचा नाही. ती पुढ्यात उभी राहिली की हा पाठ फिरवायचा. आता पळत जात नाही. लांब सुमित्राबाईच्या बाकड्यावर बसते, मी दिलेले वायसर दोऱ्यात ओवते आणि बापाकडे चोरून बघते. परवा मला विचारत होती, "आजी, बाबा बोल्टाशी बोलतो का?" सहा वर्षांची पोर. तिला मी काय सांगणार होते.

मुस्तफा गेल्यावर मी म्हटलं, आज बोलायचंच. आता हा माझं पोट मारायला निघाला. पण मी तोंड उघडायच्या आत नंदकुमारनं पाठीमागून एक कापडी पिशवी पुढे घेतली आणि माझ्या स्टुलाजवळ ठेवली. वरती आम्रपालीचं, त्याच्या घरी राहिलेलं जुनं दप्तर होतं, खाली फ्रॉक, राजश्रीनं विणलेला स्वेटर, तेलाची बाटली, कंगवा. पिशवी अशी भरलेली की एवढीशी जागा वाया गेली नव्हती.

"मामी, मी गावाला चाललोय."

"किती दिवस?"

"परत नाय येनार. कंपनीत सांगितलंय."

"आणि ही?"

"ही तुमच्याकडं."

"बाप तू हायस तिचा. मी नाय."

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "माझ्या हातानं काय धरवतच नाय, मामी. कंपनीत पाना धरला की हात थांबतो. घट्ट केला का, अजून करू का, जास्त झाला का. सायेब म्हणाले, तू स्टोअरला बस. तिथं पन तेच. आणि हिला उचलून घेतलं ना, तर वाटतं, आता सुटनार. माझ्याकडून सुटनार. म्हणून उचलत नाय."

एक ट्रक मागे घेत होते, क्लिनर पत्र्यावर थाप मारून ओरडत होता. तो आवाज थांबला.

"जायच्या आधी मला एकच बघायचं होतं," तो म्हणाला. "तुमच्या डब्यातला एखादा तरी बोल्ट खोटा निघतो का."

"निघाला?"

"नाय."

हे त्यानं असं सांगितलं की जणू घरात दुसरी माती झाली. चांगला बोल्ट निघाला म्हणून कुणी रडताना मी आयुष्यात बघितलं नव्हतं. माझा सगळा रविवारांचा राग माझ्या तोंडात तसाच राहिला. माझा अंदाज बरोबर होता, हा माझ्याच बोल्टाला खोटा ठरवायला बघत होता. पण माझ्यावर ढकलायला नाही. त्याला फक्त कुठेतरी टेकायला जागा पाहिजे होती, आणि ती माझ्या डब्यात सापडली नव्हती.

मी विचारलं, "नट कुठला लावलास, नंदकुमार?"

त्यानं मान वर केली. एवढ्या रविवारांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कंपनीतला. पांढरा. राजश्री म्हणाली, हे गंजकट नट रोज डोळ्यासमोर नकोत. मोरीत पाणी उडतं, भिंतीवर गंजाचे ओघळ येतील. मी तुमचे काढले, नवे आणले. दहाचे."

"मापलं नाहीस?"

"मापलं ना." त्यानं व्हर्नियर उचलला, जसा काही तो साक्षीदार होता. "तुमच्याच बोल्टाला लावला होता. साडेनऊ एमएम आला. दहाचा बोल्ट नवा असला तरी पुरा दहा भरत नाय, मामी, थोडा कमीच भरतो. मी म्हटलं, जुना हाय, गंजानं खाल्लाय, अजून थोडा कमी झाला असेल. आमच्या कंपनीत सगळं एमएम. मला दहाच सुचला. आणि नट लावला तर गेला. सुरसुर गेला. पाना लावायच्या आधीच जवळजवळ टेकला. मला इतकं बरं वाटलं. राजश्रीला बोलावून दाखवलं मी, बघ म्हटलं, कसा बसला."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, कानातल्यासारखा दिसतो."

माझ्या स्टुलाखाली एक चपटी डबी असते. तंबाखूची होती, मालकांची. मी ती काढली, उघडली आणि तो पांढरा नट त्याच्या हातावर ठेवला. त्याला सांगावं लागलं नाही. बाजूच्या तीन सुताच्या डब्यातून त्यानं स्वतःच एक बोल्ट उचलला, त्याचा नट काढला आणि हा लावला. फिरवायची गरजच पडली नाही. आटे गेलेला नट बोल्टावरून नुसता ओघळला, वाळलेल्या बोटातून अंगठी निघावी तसा, आणि त्याच्या मांडीवर पडला. त्यानं परत लावला. परत ओघळला. तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला.

"तुमाला माहीत होतं," तो म्हणाला.

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हणून."

"तुमी सांगायचं होतं, मामी." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बोल्ट देताना सांगायचं होतं, सुताचा हाय म्हणून. मला घरात कोण सांगनार? एक शब्द बोलायचा होता."

"मी नट चढवून दिला होता," मी म्हटलं. "त्याहून वेगळं काय सांगतात? चढवलेला नट उतरवताना मला विचारायला तुझं तोंड शिवलं होतं का? दोन गल्ल्या सोडून तर राहते मी."

माझ्या बोलण्यात काही खोट नव्हती, पण बोलून झाल्यावर तोंडात रॉकेल गेल्यासारखं वाटलं. मी बरोबर, माझे डबे बरोबर, माझी पट्टी बरोबर. बरोबर असून मी काय मिळवलं होतं. माझी पोरगी मातीत आणि मी तीन सूत आणि दहाचा फरक सांगत बसलेली.

"सगळे म्हणतात भिंत," तो म्हणाला.

"सगळ्यांना घरी जायचं असतं. भिंत म्हटलं की लवकर निघता येतं."

सुमित्राबाईनं दोन कप पाठवले नाहीत, स्वतः आणले. आमच्याकडे बघून ठेवले आणि लगेच गेली. एरवी तिला दहा गोष्टी विचारायच्या असतात. चहावर साय धरली. आम्रपाली बाकड्यावरून उतरून अर्ध्या रस्त्यापर्यंत आली होती. गळ्यात वायसरची माळ घातलेली. तिनं आपली पिशवी माझ्या स्टुलापाशी बघितली, दप्तर ओळखलं आणि तिथेच थांबली. पोरांना पिशव्या कळतात.

नंदकुमारनं तिला बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग मला म्हणाला, हळूच, लहान असताना भाकरी मागायचा तसा, "मामी, तुमी काय म्हणता? एकदा सांगा. भिंत म्हणा, नायतर काय म्हणायचं ते म्हणा. तुमी सांगितलं की मी मानतो. मग जातो."

मला कळलं की माझ्या एका शब्दावर हा उठणार. भिंत म्हटलं तर तो शब्द कनवटीला बांधून गावाला जाईल, आणि हातात धरवत नाही ते नाहीच धरवणार, आणि पोर माझ्याकडे. माझ्या पायांना सूज, रॉकेलानं माझी बोटं चिरलेली, मी अजून किती वर्षं. ही पोर आधी आईविना झाली, मग बापाविना, आणि मी गेल्यावर कुणाविना. आणि खरं सांगितलं तर? खरं सांगितल्यावर माणूस उभा राहतो असं मी तरी कुठे बघितलंय. मोडलाही असता. माझ्या हातात दोन बोल्ट होते आणि दोन्ही खोटे होते. राजश्री दोन्हीतून परत येणार नव्हती.

मी त्याच्या हातातून व्हर्नियर काढून घेतला. पांढरा नट डबीत टाकला, डबी बंद केली आणि ती त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग बोलले. मोठ्यानं बोलले, सुमित्राबाईला ऐकू गेलं असेल, पोरीला पण गेलं असेल. जाऊ दे.

"भिंत नव्हती, नंदकुमार. भिंतीत माझे बोल्ट अजून तसेच हायत, जा हलवून बघ. नशीबही नव्हतं. माझ्या राजश्रीला तू मारलंस. जीव लावून केलंस, मापून केलंस आणि मारलंस. याच्यात एक सूत कमी करायला येत नाय मला. माफी मागू नको. ती माझ्याकडं नाय, पुढं पण नसंल. आणि पोर मी ठेवणार नाय. तिची पिशवी उचल, तिचा हात धर, सुटला तर परत धर, आणि घरी जा. मोठी होऊन ती तुला विचारेल, आईला काय झालं म्हणून. तवा भिंतीचं नाव सांगू नको."